वडिलांच्या मुलखातून पंढरीला

माझ्या वडिलांनी सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले आपले गाव १९७२ च्या दुष्काळात सोडले आणि त्यानंतर ते कधी तिकडे फिरकले नाहीत. लालबागच्या चाळीत संसार थाटला, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम करीत राहिले. मे महिन्यात चाळ निम्मी रिकामी होई, प्रत्येकाला गाव असे. आम्ही मात्र मुंबईतच. म्हणून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालायचे ठरवले, तेव्हा माझ्या मनात विठ्ठलाइतकाच, खरे सांगायचे तर थोडा अधिकच, वाटेत लागणारा तो तालुका होता.

ओळखीच्या एका दिंडीत भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखाण्याची वर्गणी, भरली. सामान ट्रकमधून पुढे जाई आणि राहुट्या उभ्या राहत; आमच्याकडे चालणे आणि टाळकऱ्यांच्या मागे अभंग म्हणणे एवढेच काम उरे. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण आणि फलटण, बरड हे मुक्काम मागे टाकत धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरली. वडिलांच्या तोंडून मी फक्त कुसळांचा माळ ऐकला होता आणि इथे रस्त्याच्या कडेने ऊस, केळी, पाण्याने भरलेले पाट दिसत होते. ही नीरेच्या उजव्या कालव्याची करामत. कालव्याच्या खालच्या अंगाला बागायत, वरच्या अंगाला मात्र पावसाकडे डोळे लावलेली जमीन. एकाच तालुक्यातली ही दोन नशिबे एका रेघेने वेगळी झालेली आहेत आणि वडिलांचे गाव त्या रेघेच्या वर होते.

चालत गेल्यामुळेच हे नीट कळले. मोटारीतून हा पट्टा तासाभरात संपला असता आणि मी ऊस पाहून परतले असते.

खुडूस फाट्याचे रिंगण आटोपून आम्ही वेळापूरच्या अलीकडे पोहोचलो. तुकाराम महाराजांना इथल्या टेकडीवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असे सांगतात. म्हणून आजही सगळ्या दिंड्या इथे धावा करतात. सत्तरीतल्या बायका डोक्यावरचे तुळशीवृंदावन सावरीत उताराने धावत होत्या. मीही धावले. कळस मला दिसला नाही, आणि शेजारच्या आजींनी सांगितले की त्यांनाही इतक्या वर्षांत दिसलेला नाही.

वेळापुरात अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे, पण मी तिथे फार रेंगाळले नाही. पालखीच्या मुक्कामाच्या मैदानाजवळ, म्हणजे तळाजवळ, आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर आले होते आणि भाकरी, पिठले, ठेचा वाटला जात होता. एका ट्रॅक्टरवर लावलेल्या फडक्यावर वडिलांच्या गावाचे नाव होते. वाढणाऱ्या बाईंनी इतर सर्वांसारखेच मलाही “घ्या माउली” म्हणत भाकरी दिली. मी खाल्ली, पाणी प्याले, आणि मगच आडनाव सांगितले. कुणाची कोण हे सोडवायला त्यांना फार वेळ लागला नाही. “आगं, मग तू तर आमच्या भावकीतली! सासूबाई तुझ्या आजीचं नाव रोज काढायच्या.” त्या नात्याने माझ्या चुलत काकी निघाल्या. लगेच अहो-जाहो संपले आणि इतकी वाळलीस कशी, इथपासून चौकशी सुरू झाली. मला मात्र नाते कळण्याआधी मिळालेल्या त्या भाकरीचेच अप्रूप अधिक वाटले. त्या गावाने मला ओळखीशिवाय जेवू घातले होते.

संध्याकाळी काकी मला समाज आरतीला घेऊन गेल्या. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि हजारो टाळ वाजत असतात. चोपदाराने दंड उंचावून पुकारा केला की सारे एकदम थांबते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते, आणि चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात. मग हरवलेल्या वस्तूंची घोषणा होते आणि आरतीला सुरुवात होते. एवढ्या मोठ्या समाजात तक्रार मांडण्याची याहून सुटसुटीत रीत मी कुठे पाहिलेली नाही. त्या दिवशी एकाही दिंडीचे टाळ वाजत राहिले नाहीत.

काकींना मला त्याच रात्री गावी न्यायचे होते. मी आमच्या दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकरी बुवांना विचारले. “काला झाल्यावर जा, गाव कुठं पळतंय?” असे ते म्हणाले आणि मला ते पटले. त्यामुळे ठाकूरबुवांच्या समाधीजवळचे गोल रिंगण, बाजीरावाची विहीर, वाखरी असे करीत एकादशीला चंद्रभागेत स्नान केले, कळसाचे दर्शन घेतले आणि पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यानंतर वेळापूरची एसटी पकडली.

काका मोटारसायकल घेऊन आले होते. वडिलांच्या घराची जोती उरली आहेत आणि त्यांवर चुलत भावाने कडब्याची गंजी रचली आहे. तिथे फार वेळ न घालवता काका मला गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या भरावावर घेऊन गेले. दुष्काळी कामावर सारे गाव इथे राबले होते. कामावर सुकडी हा कोरडा खाऊ मिळायचा आणि घरी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. “ह्या पिचिंगचे दगड तुझ्या बापानं फोडल्यात,” भरावाच्या उतारावरच्या दगडी अस्तराकडे बोट करीत काका म्हणाले, “आन् तलावात पाणी यायच्या आधीच मुंबईला गेला.” भरावाच्या खालच्या विहिरींवर आता काकांची डाळिंबाची बाग उभी आहे. तेल्या रोगाने त्यातली निम्मी झाडे काढावी लागली होती आणि उरलेल्या झाडांचा बहार कधी धरायचा, यावर ते परतीच्या वाटेवर बोलत राहिले.