आमची वाटचाल: रिंग, काटा आणि काळी माती

२०१९ साली परभणीत आम्ही माती परीक्षणाची प्रयोगशाळा काढली, तेव्हा काम ठरलेलं होतं. सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब आणि खताची शिफारस. कार्बन क्रेडिटकडे (जमिनीत साठवलेल्या कर्बाच्या बदल्यात विकता येणारं प्रमाणपत्र) आम्हाला वळवलं ते सोयाबीन-तूर आणि कापूस घेणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने. तिचे अध्यक्ष, ज्यांना पंचक्रोशीत सगळे अण्णा म्हणतात, नांगरट बंद करून कायमच्या गादीवाफ्यावर आले होते. पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची, धसकटं जाळायची नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "कर्ब वाढतोय हे मला दिसतंय. विकता येईल असा मोजून द्या."

विकता येईल असा मोजणं म्हणजे टक्केवारी काढणं नव्हे, आणि आमच्या धंद्यातली सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.५५ टक्के लिहिलेला असतो, तो वरच्या १५ सेंटिमीटरचा. खतासाठी तेवढं पुरतं. क्रेडिटसाठी किमान ३० सेंटिमीटरपर्यंतचा हेक्टरी साठा टनात लागतो: टक्केवारी गुणिले घनता (एका घनसेंटिमीटरात किती ग्रॅम कोरडी माती) गुणिले खोली. ०.५५ × १.३० × ३० म्हणजे साधारण २१.५ टन. तीच घनता कुणी तक्त्यातून १.४५ धरली तर उत्तर २३.९ येतं. फरक अडीच टन कर्बाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमध्ये (४४ भागिले १२ ने गुणून) हेक्टरी नऊ टन. उत्तम व्यवस्थापन करूनही एवढी वाढ व्हायला बरीच वर्षं जातात, आणि इथे ती कागदावर एका आकड्याने होते किंवा पुसली जाते.

म्हणून घनता शेतातच मोजायला आमच्याकडे या कामाच्या पहिल्या दिवसापासून रिंग आहे. स्टेनलेस स्टीलची, आतला व्यास ५ सेंटिमीटर, उंची ५ सेंटिमीटर, आतलं आकारमान ९८ घनसेंटिमीटर. धार बाहेरून तिरपी काढलेली हवी. आतून तिरपी काढली तर माती आत दाबली जाते आणि घनता खोटी चढते. लेथवाल्याला हे चित्र काढून द्यावं लागतं. खड्ड्याची बाजू सरळ तासायची, थराच्या मध्यावर रिंग बसवायची, वर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे. आतली आणि बाहेरची माती एका पातळीत राहिली पाहिजे. आतली खाली बसली तर तो नमुना टाकून शेजारी नवा घ्यायचा. खालून खुरप्याने सोडवून दोन्ही तोंडं सुरीने कापायची, झाकणाच्या डबीत भरायचं, १०५ अंशांवर २४ तास, मग वजन. मुरमाड जागी २ मिलिमीटरच्या चाळणीवरचे खडे वेगळे तोलून वजा करायचे.

काळ्या मातीत हे वाफशावरच जमतं. उन्हाळ्यात ढेकूळ आकसून दगडासारखं होतं आणि रिंग त्याचे तुकडे करते. शिवाय भेगांमधून वरची कसदार माती खाली पडलेली असते, त्यामुळे खालच्या थराचा कर्ब फुगतो. चिखलात माती दबते. खरीप काढणीनंतर, रब्बीच्या पेरणीआधी जो वाफसा मिळतो तोच आमचा हंगाम, आणि पाच वर्षांनी पुन्हा नमुने घ्यायचे तेही त्याच दिवसांत.

खोलीही आम्ही ४० सेंटिमीटरपर्यंत नेतो. कारण सरळ आहे. घनता १.३० असताना ३० सेंटिमीटरात हेक्टरी ३,९०० टन माती बसते. नांगरट थांबली, सेंद्रिय पदार्थ वाढला आणि घनता १.२० वर आली, तर तेवढ्याच मातीसाठी ३२.५ सेंटिमीटर खाली जावं लागतं. सारख्या खोलीची तुलना केली तर ज्याने जमीन भुसभुशीत केली त्याच शेतकऱ्याचं नुकसान होतं. माती वजनाने सारखी घेऊन तुलना करायची, हा नियम कार्बन क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या व्हेरा या संस्थेच्या व्हीएम ००४२ या शेतजमिनीसाठीच्या पद्धतीतही आहे.

मधली वर्षं बरी गेली. मग २०२३ मध्ये व्हेराची सुधारित पद्धत आली, त्याच सुमारास स्वेच्छा बाजारातले (कंपन्या स्वतःहून क्रेडिट घेतात तो बाजार) भाव पडले, आणि आमचा मोठा डेव्हलपर, म्हणजे शेतकऱ्यांना जोडून क्रेडिटचा प्रकल्प चालवणारा, आमच्यापेक्षा निम्म्याहून कमी दराच्या कंपनीकडे गेला. त्या कंपनीने शेतात रिंग नेलीच नाही. कर्बाची टक्केवारी बहुतेक गावांत आरोग्य पत्रिकांवरून, घनता छापील तक्त्यावरून, बाकी उपग्रहाच्या चित्रावरून. सादरीकरण देखणं होतं. आमची झालेल्या कामाची बिलं अडकली, ओव्हन आणि विश्लेषण यंत्राचे हप्ते चालूच होते, नमुने घेणारी तयार पोरं दुसरीकडे जायच्या बेतात होती. अण्णांच्या कंपनीने पुढच्या फेरीचे पैसे आगाऊ दिले, तेही संचालक मंडळाचा ठराव करून. त्यावर आम्ही तगलो. हे आम्ही विसरणार नाही.

पडताळणीला ऑडिटर आला तेव्हा त्याने पहिल्यांदा मागितल्या त्या रिंगांच्या वजनांच्या मूळ नोंदी. त्या स्वस्त कंपनीकडे नव्हत्या. दुसरी गोष्ट चुनखडीची निघाली. ज्वलन यंत्र (माती जाळून कर्ब मोजणारं) मातीतला सगळा कर्ब मोजतं, चुनखडीतलाही. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी ५ टक्के असणं नवलाचं नाही, आणि चुनखडीच्या वजनात १२ टक्के कर्ब असतो. म्हणजे ०.६ टक्के, जवळपास सेंद्रिय कर्बाएवढाच. काही गावांचे नमुने आम्लाने धुतल्याशिवाय यंत्रावर लावलेले होते. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले असते तरी फसफसून कळलं असतं. डेव्हलपर परत आमच्याकडे आला. आम्ही आधी थकबाकी घेतली, मग काम. पण त्या गावांची मूळ मोजणी वेळेवर झाली नाही ती नाहीच. संगणकाच्या मॉडेलने मागचा साठा काढता येतो, मात्र अनिश्चितता वाढते तशी क्रेडिटमध्ये वजावट होते, आणि ती शेतकऱ्याच्या वाट्यातून जाते. कमी दराचा खरा खर्च शेतकऱ्याने भरला, याचा राग आम्हाला अजून आहे.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांना सांगतो. नमुन्याचे बिंदू आधी संगणकावर यादृच्छिक ठरवा. शेतकरी रस्त्याकडेचा तुकडा दाखवेल, तिथे घेऊ नका. बिंदू बांधावर, उकिरड्याच्या जागी किंवा विहिरीच्या मुरमावर पडला तर पर्यायी बिंदूही आधीच ठरलेला हवा. ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत दिवसभर ठेवू नका, सावलीत वाळवा. वॉकले-ब्लॅक (डायक्रोमेटच्या द्रावणाने कर्ब मोजण्याची जुनी पद्धत) करत असाल तर अर्ध्या तासाने द्रावण आधीच हिरवं झालं असेल तर डायक्रोमेट संपलेलं असतं; १ ग्रॅमऐवजी अर्धा ग्रॅम माती घेऊन पुन्हा करा. त्या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब जळतो आणि १.३ ने गुणतात, म्हणून पहिली फेरी तिच्यावर आणि दुसरी ज्वलन यंत्रावर असा प्रकार कधीच करू नका.

शेतकऱ्यांनाही एक सांगणं आहे. बाहेरून विकत आणलेल्या शेणखताच्या ट्रॉल्या, युरियाच्या गोण्या, डिझेल, पेरणीची तारीख वहीत लिहून ठेवा. बाहेरच्या शेणखताचा कर्ब पूर्णपणे तुमच्या नावावर लागत नाही, आणि नोंद नसेल तर ऑडिटर तुमच्या विरोधातला आकडा धरतो. करारात पुन्हा मोजणीचा खर्च कोणाचा आणि मध्येच जमीन नांगरली तर काय, ही दोन कलमं सहीआधी मोठ्याने वाचून घ्या.

अण्णांच्या सभासदांच्या पहिल्या फेरीतला प्रत्येक नमुना, २०० ग्रॅम, घट्ट झाकणाच्या बरणीत गट नंबर आणि थर लिहून आमच्या मांडणीवर आहे. दुसऱ्या फेरीला जुना आणि नवा नमुना एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, एकाच प्रमाण नमुन्यासोबत (ज्याचा कर्ब आधीच माहीत आहे) लावायचा, असं ठरलं आहे.