सत्तावीस इंच

बोटीच्या तळाशी आमची मोजायची फळी असते. मासा तिच्यावर आडवा ठेवायचा, तोंड मिटवायचं आणि शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं. त्या दिवशी बाबांनी काढलेला रेडफिश एकतीस इंच भरला.

"सोडायचा हा," मी म्हटलं.

"काहीतरीच काय बोलतेस!" बाबांनी माशावरचा हात काढला नाही.

आम्ही अमेरिकेत, लुइझियानातल्या डेलाक्रोला होतो. बॅटन रूजहून गाडीने दोन तास. न्यू ऑर्लिन्स मागे टाकून खाली उतरत गेलं की शेवटी रस्ताच संपतो. पुढे नुसतं खाजण, मचूळ पाणी आणि वाऱ्यावर हलणारं गवत. नोव्हेंबर 2024, सकाळची ओहोटी. ओहोटीला गवतातलं पाणी बारीक ओहळांनी बाहेर पडतं, त्याच्याबरोबर कोळंबी आणि लहान खेकडे वाहत येतात, आणि रेडफिश ओहळाच्या तोंडाशी टपून असतो. तिथेच पॉपिंग कॉर्क, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बूच, टाकायचा. कॉर्कचं डोकं खोलगट असतं, दोरीला हिसका दिला की पाण्यात 'गुडूप' असा आवाज होतो. माशाला वाटतं, कुणीतरी कोळंबीवर झडप घातली. तो बघायला येतो आणि खाली लटकणारी नकली कोळंबी त्याला दिसते.

बाबा आयुष्यभर खाडीवर गरवत आलेत. कॉर्कचा हिसका त्यांना तिसऱ्या फेकीत जमला. मासा लागल्यावर त्यांनी रीळ घाईने ओढलं नाही. पळू दिला, दमू दिला, मग आणला. अंगावर तांब्याची झाक, शेपटीच्या बुडाशी काळा टिळा. बघताक्षणी म्हणाले, "अगं, ही तर आपल्या घोळीच्या जातीतली!" अगदी बरोबर. दोघांचं कूळ एकच. या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीशी स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात, म्हणून रेडफिशचं दुसरं नाव रेड ड्रम. घोळीचा बोत म्हणजे हीच पिशवी.

असा मासा परत पाण्यात? त्यांना ते पटेना, आणि मला त्यांचं न पटणं समजत होतं.

लुइझियानात जून 2024पासून नियम असा आहे: अठरा ते सत्तावीस इंचांमधले चार मासे माणशी दिवसाला, आणि सत्तावीसच्या वरचा एकही नाही. आधी पाच मासे ठेवता यायचे, त्यातला एक सत्तावीसच्या वरचाही चालायचा. पण नुसता नियम सांगून बाबा ऐकणारे नव्हते. मी त्यांना 1980च्या दशकातली गोष्ट सांगितली. न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रूडॉम यांनी मसाला लावून तापल्या बिडाच्या तव्यावर काळा केलेला रेडफिश वाढला आणि देशभर त्याचं वेड लागलं. खाजणातले मासे पुरेनात, तेव्हा मोठ्या बोटी मेक्सिकोच्या आखातात जाऊन जाळ्याने थवेच्या थवे उचलू लागल्या. आखातातले ते थवे म्हणजे वयात आलेले, अंडी घालणारे मासे. रेडफिशचं बालपण खाजणात जातं. तीन ते पाच वर्षांचा झाला की तो खुल्या पाण्याकडे निघतो. सत्तावीस इंच ही साधारण त्या उंबरठ्याची खूण. मग केंद्र सरकारने आपल्या हद्दीतली मासेमारी बंद केली आणि 1988मध्ये लुइझियानाने आपल्या पाण्यातला रेडफिश विकायला पकडणं थांबवलं.

"म्हणजे हा बाहेर निघालेला," बाबा म्हणाले.

"हो."

त्यांनी हात पाण्यात बुडवून ओले केले. हे मी सांगितलं नव्हतं. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो हे त्यांना माझ्याआधी ठाऊक. एक हात पोटाखाली, एक शेपटीशी, मासा आडवा धरून त्यांनी पाण्यात टेकवला आणि तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले चार-पाच वेळा उघडमिट झाले. मग शेपटीचा एक जोरदार फटका, आम्ही दोघं भिजलो, आणि मासा गेला.

नंतर बावीस इंची एक मिळाला. तो घरी आला. इथल्या पद्धतीने खवले न काढता, खवल्यांची बाजू खाली ठेवून जाळीवर भाजला.

बाबा मार्चपर्यंत राहिले, त्यामुळे फॉल्स रिव्हरचा क्रॅपीही त्यांना भेटला. फॉल्स रिव्हर आता नदी नाही. 1722च्या सुमारास मिसिसिपीने वळण सोडलं आणि मागे हा तलाव उरला. क्रॅपीला इथले जुने लोक साकाले म्हणतात. तळहाताएवढा, रुपेरी, चवीला फार गोड. त्याचं तोंड कागदासारखं पातळ. हिसका दिला की फाटतं, म्हणून दांडी नुसती उचलायची. बाबांचे पहिले चार गेले तसेच. आमिषही माशाच्या थोडं वरच ठेवायचं, कारण क्रॅपी वर बघून खातो. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की ते अंडी घालायला काठाशी येतात. तोवर धीर धरायचा.

त्याच उथळ पाण्यात बास माशाची घरटी दिसली: शेपटीने झाडून केलेली गोल जागा आणि वर राखण करणारा नर. गरी त्याच्या पुढ्यात टाकली तर तो रागाने पकडतोच. कायद्याची मनाई नाही, अनेक जण पकडतात आणि सोडूनही देतात. मी टाकत नाही. तो काही मिनिटं जरी जागेवरून हलला तरी ब्लूगिल नावाचे छोटे मासे येऊन अंडी फस्त करतात. बाबा बराच वेळ वाकून त्या नराकडे बघत राहिले. तेवढ्यात एक ब्लूगिल जवळ आला. नराने त्याला पार वाळक्या लाकडापर्यंत पिटाळलं आणि परत येऊन उभा राहिला.

हल्ली दर रविवारी फोनवर तब्येत, जेवण वगैरे झालं की बाबा विचारतात, "पाणी कितीवर आलं?"

या रविवारी सत्तावन्न होतं.