चाळीस गळे, मुख्य गवई कुणीच नाही

आपल्या कानाला गाणं म्हटलं की एक मुख्य गवई लागतो, बाकीचे साथीला. लंडनमध्ये सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराचं, थॉमस टॅलिसचं, ‘स्पेम इन आलियुम’ हे लॅटिन प्रार्थनागीत ऐकायला बसलो तेव्हाही कान सवयीने तोच शोधत होता. सापडणार कुठून? गाणारे चाळीस, आणि प्रत्येकाची सुरावट वेगळी. वाद्य एकही नाही.

ही साधारण १५७० च्या सुमाराची रचना. पाच-पाच गळ्यांचे आठ गट असतात. एका गळ्यातून सूर निघतो, शेजारचा तो उचलतो, आणि बघता बघता तो पहिल्या गटाकडून आठव्याकडे सरकत जातो. मी नेमका आठव्या गटाजवळ बसलो होतो. समोरचा खर्जातला गायक बराच वेळ नुसताच उभा, फाईलच्या कडेवर बोटाने मात्रा मोजत. गाणं चाललंय पार पलीकडे. मग हळूहळू ते आमच्या अंगावर आलं. आजच्या छापील प्रतींत चाळिसाव्या मापाला (बारला, म्हणजे तालाच्या एका खंडाला) चाळीसही जण पहिल्यांदा एकत्र येतात. हा योगायोग नसावा. शेवटाकडे सगळे एकदम थांबतात, आणि त्या शांततेतून चाळीस जण एकदम म्हणतात, ‘रेस्पिचे’: आमच्या दीनतेकडे बघ. हेडफोनवर यातलं निम्मंही पोचत नाही. जागा बदलली की गाणंच बदलतं.

टॅलिस माणूसही तसाच, पुढे पुढे न करणारा. वॉल्थमच्या मठात नोकरीला होता. आठव्या हेन्रीने १५४० मध्ये तो मठच बंद केला. मग कँटरबरी, आणि पुढे थेट राजाच्या चॅपलमध्ये. तिथे त्याने चार राज्यकर्ते पाहिले. हेन्रीनंतरच्या प्रॉटेस्टंट एडवर्डच्या काळात प्रार्थनेला इंग्रजी हवं, शब्द कळायला हवेत, म्हणून अक्षरागणिक एक सूर. कॅथलिक मेरी आली, लॅटिन परत आलं. मग प्रॉटेस्टंट एलिझाबेथ. लोक धर्मापायी जिवानिशी जात होते, आणि हा बहुधा मनाने कॅथलिकच राहिलेला गृहस्थ शांतपणे हवं ते लिहून देत होता. १५७५ मध्ये एलिझाबेथने त्याला आणि विल्यम बर्ड या संगीतकाराला संगीत छापण्याचा २१ वर्षांचा मक्ता दिला. त्यांनी लॅटिन रचनांचं पुस्तक काढलं, ते फारसं खपलं नाही.

‘स्पेम’ची जन्मकथा १६११ च्या एका पत्रात आहे, तीही ऐकीव. इटलीहून तीस आवाजांचं गाणं आलं, तेव्हा एका ड्यूकने विचारलं, आपल्याकडे असं कुणाला जमणार नाही का? टॅलिसने चाळीस आवाजांचं करून दाखवलं, आणि ड्यूकने गळ्यातली सोन्याची साखळी काढून त्याच्या गळ्यात घातली. चाळीस आवाजांसाठी लिहिणारा इटलीचा संगीतकार अलेस्सांद्रो स्ट्रिज्यो १५६७ मध्ये लंडनला येऊन गेला होता, त्यामुळे गोष्ट अगदीच हवेतली नाही.

१५८५ मध्ये टॅलिस ग्रिनिचला वारला. त्याला पुरलं ते सेंट अल्फेज चर्च १७१० च्या वादळात कोसळलं. आज तिथे उभी आहे ती नंतरची इमारत.

आणि गंमत बघा, ‘स्पेम’च्या उपलब्ध प्रतींतली सगळ्यांत जुनी इंग्रजी शब्दांची आहे. १६१० मध्ये जेम्स राजाच्या मुलाला, हेन्रीला, प्रिन्स ऑफ वेल्स (युवराज) केलं, त्या समारंभासाठी देवाची करुणा भाकणारे शब्द काढून तिथे राजपुत्राची स्तुती बसवली. टॅलिस हयात असता तर त्यानेच, कुरकुर न करता, अक्षरं नीट बसवून दिली असती, असं मला वाटतं.