चार बोटं केसांचा अंबाडा

बुधवार, रात्री

ठमीच्या भरतनाट्यमच्या क्लासच्या ग्रुपवर ताईंचा निरोप आला. रविवारी टिळक स्मारकला वार्षिक कार्यक्रम. ड्रेपरी (नाचाचा पोशाख) क्लासतर्फे, दागिने ज्याचे त्याने आणायचे, दूध-बिस्कीट घरून खाऊन यायचं. आणि शेवटी एक ओळ : मधला भांग, लांब वेणी, गजरा. बाकीच्या आयांचे पटापट अंगठे आले. मी फोन हातात धरून ठमीच्या डोक्याकडे बघत बसले. (ठमी हे घरातलं नाव. शाळेच्या दाखल्यावरचं बरं आहे.)

वेणी घालायची कशाची? जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी वर्गात उवांची साथ आली आणि आम्ही सरळ बॉयकट करून मोकळे झालो. तो तिला इतका मानवला की केस वाढवायचं नाव काढलं तरी डोळे वटारते. आता जानेवारीत त्या केसांना बॉयकट म्हणवत नाही आणि बॉबही म्हणवत नाही. पुढचे भुवयांवर येतात, कानाशी आत वळतात, मागचे मानेच्या खळगीपर्यंत जेमतेम पोचतात. चिमटीत धरले तर चार बोटं भरतात. त्यातून सुळसुळीत. सकाळी लावलेलं रबर डबा भरून होईपर्यंत कॉलरवर आलेलं असतं.

आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या, "गंगावन लाव की. आमच्या वेळी लग्नात निम्म्या बायकांच्या डोक्याला गंगावनच असायचं." (गंगावन म्हणजे वेणीला जोडायचे खोटे केस.) मग जरा थांबून, "पण त्या मद्राशी नाचाला एवढी लांब वेणी लागतेच का?"

यावर त्यांच्या चिरंजीवांनी कधी नव्हे ते मोबाइलमधून डोकं वर काढलं. तो नाच जितका तिकडचा तितकाच आपला, म्हणे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (1798 ते 1832) त्याच्यासाठी मराठीत निरूपणं (एकाच कथेवर सलग नाचायच्या रचना) रचली; चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे नृत्यगुरू भाऊ त्यांच्याच दरबारातले. हे सगळं गेल्या वर्षी ताईंनी स्टेजवरून सांगितलं होतं आणि हा माणूस तेव्हा झोपला होता अशी माझी समजूत होती. यंदा मोठ्या मुली त्यातलंच एक निरूपण करणार आहेत.

"मग राजे मराठी, भाषा मराठी, तर अंबाडासुद्धा आपला घाला," असं म्हणून आई देवाजवळचा दिवा सारखा करायला गेल्या. मी हसले, पण ते डोक्यात राहिलं.

गुरुवार

ऑफिसातून लवकर सटकून तुळशीबाग गाठली. दुकानदाराने आधी माझेच केस बघितले (माझेही खांद्याच्या वर आहेत) आणि माझ्याच मापाचं गंगावन काढायला लागला. सहा वर्षांच्या मुलीला हवंय म्हटल्यावर आतून दुसरा खोका आला. त्यातलं सगळ्यात आखूड घेतलं, टोकाला तीन काळे गोंडे लावलेलं. शिवाय नेट, काळ्या पिना, आकडे, लहान बाळांना लावतात ती बारीक रबरं, कापडी गजरा. मोगऱ्याचे दिवस नव्हेत, आणि खरा गजरा स्टेजवरच्या दिव्यांच्या उजेडात तासाभरात माना टाकतो. निघता निघता 70 रुपयांचा एक तयार अंबाडाही उचलला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आईंचं वाक्य असावं.

डोक्याच्या दागिन्यांचा सेट घरी उघडून बघितला. मधल्या भांगावर बसणारी पट्टी, तिच्या उजवीकडे सूर्य, डावीकडे चंद्र, मागे गोल राकोडी. दिसायला सुरेख, पण प्रत्येकाला एक दोरा नाहीतर आकडी, आणि तो दोरा बांधायचा केसांना. म्हणजे हे सगळं वैभव शेवटी केसांवर टांगलेलं.

गंगावन सहज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. 180 ग्रॅम. हातात काहीच वाटत नाही. ते चार बोटं केसांना लटकवायचं आहे हे आठवलं की वाटायला लागतं.

शुक्रवार, बराच उशीर

आज केसांची रंगीत तालीम केली. बाईसाहेब स्टुलावर, मी मागे, आई समोर आरसा धरून आणि तोंडाने सूचना करत.

पहिली अडचण अशी, की एवढ्याशा केसांची एक पोनी होतच नाही. पुढचे मागे आणावेत तर मागचे निसटतात, मागचे वर घ्यावेत तर पुढचे कपाळावर. भरपूर जेल लावून माथ्यावर शेंडीवजा काहीतरी गोळा केलं, त्याला काळ्या नाडीने गंगावन आवळून बांधलं, पिना खोचल्या. आरशात छान दिसली. आई म्हणाल्या, "अगदी बाहुली."

पण बाहुलीला नाचायचं होतं. मी म्हटलं, शिरोभेद (डोक्याच्या ठरलेल्या हालचाली) करून दाखव बघू. या वर्षी नऊच्या नऊ पाठ झालेत तिचे; नावं म्हणत म्हणत करते. सम, म्हणजे मान सरळ, तिथे काही प्रश्न नव्हता. उद्वाहित, मान वर, ठीक. अधोमुख, मान खाली, आणि "आई गं, ओढतंय!" वेणी नाचताना भिरभिरू नये म्हणून तिचं टोक कमरपट्ट्यात अडकवतात. आम्ही ओढणीचा कमरपट्टा करून तशीच अडकवली होती. त्यामुळे मान खाली गेली की वेणी मागून लगाम खेचते. मोठ्या मुलींना मोकळीक किती ठेवायची ते कळतं, शिवाय त्यांच्या वेणीला घट्ट मूळ असतं. हिचं मूळ म्हणजे जेलने चिकटवलेली शेंडी. आलोलित (मान गोल फिरवायची) सुरू झालं तेव्हा गंगावन उजव्या कानावर आलं. मग धुत, म्हणजे मान डावी-उजवीकडे, आणि दोन पिना टीव्हीच्या टेबलाखाली गेल्या. कंपितपर्यंत आम्ही पोचलोच नाही. ती रडली नाही, उलट खो खो हसत सुटली, पण केसांच्या मुळाशी कपाळावर लाल रेघ उमटली होती ती मला दिसली.

ताईंना रात्री साडेनऊला फोन केला. चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, तो मेसेज दरवर्षीचाच आहे, तोच पुढे पाठवला. पहिल्या वर्षाच्या मुलींना वेणी नसली तरी चालेल. मला कपाळ मोकळं हवं आणि मान मोकळी हवी. डोळ्यांवर केस आले तर दृष्टी कुठे दिसणार, आणि गालावर आले तर मान हललेली तिसऱ्या रांगेतून कळत नाही. एवढं सांभाळ, मागे अंबाडा घाल नाहीतर नुसता गजरा माळ."

म्हणजे केस कसे हवेत याचं खरं कारण लांबी नव्हतंच. ते कारण आधी कुणी सांगितलं असतं तर 180 ग्रॅम तुळशीबागेतच राहिले असते. अर्थात पोशाख आणि केशरचना हा अभिनयाचाच एक भाग, आहार्य, हे मला मान्य आहे. नाट्यशास्त्रात कुठल्या प्रदेशातल्या बायकांचे केस कसे दाखवायचे तेही दिलंय; अवंतीच्या तरुणींना कुरळे केस, आभीर स्त्रियांना दोन वेण्या. उवांच्या साथीतून उठलेल्या पहिलीतल्या मुलींबद्दल भरतमुनींनी मौन पाळलंय, त्याचा मी माझ्या सोयीने अर्थ लावला.

ग्रुपवर ताईंनी लिहिलं : ज्यांचे केस लांब आहेत त्यांची वेणी, बाकीच्यांचा अंबाडा. लगेच एका आईचं उत्तर, "पण मग ओळीत सगळ्या एकसारख्या दिसणार नाहीत ना?" तिचंही खरं. तिच्या मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत आणि रोज सकाळी ते विंचरण्यात तिची अर्धी उमेद जात असणार. ताईंनी उत्तर दिलं नाही. मला ताई फार आवडतात.

शनिवार

हॉलवर शेवटची तालीम. ताईंची एक मोठी विद्यार्थिनी लहानांना तयार करायला असते, अकरावीतली, हात असा सफाईदार की बघत राहावं. तिने ठमीच्या केसांतून एकदा बोटं फिरवली आणि पहिला प्रश्न, "धुतले कधी?" मी कौतुकाने सांगितलं, आज रात्री धुणार. "मुळीच नको. धुतलेले केस पिन धरत नाहीत. कालचे-परवाचे असू देत."

मग तिने जे केलं ते इथे लिहून ठेवते.

पाण्याचा हात लावून मधला भांग. भांगाच्या एका बाजूला, अगदी कपाळाशी, दोन बोटं रुंदीची बट घेतली आणि बारीक रबर लावलं. इवलीशी शेंडी झाली. ती शेंडी तशीच मागे नेऊन तिच्यामागच्या बटेत मिसळली आणि दोघींना मिळून दुसरं रबर. मग त्यांचं टोक तिसऱ्या बटेत. अशी साखळी माथ्यापर्यंत. दुसऱ्या बाजूलाही तीच. कानावरच्या केसांची एकेक छोटी साखळी तिरकी वर आणून त्यांनाच जोडली. एकही केस दोन इंचांपेक्षा जास्त लांब ओढावा लागत नाही, कारण प्रत्येक बट फक्त शेजारच्या बटेपर्यंत जाते. म्हणून ताण नाही, आणि म्हणूनच निसटतही नाही.

मानेवरचे केस वर पोचणारच नव्हते, तर तिने ते वर न्यायचा हट्टच सोडला. त्यांचे दोन भाग करून प्रत्येकाला वरच्या दिशेने पीळ दिला आणि दोन-दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे, सरळ बाजू वर. मी आजवर उलटंच लावत आले, आणि मला वाटतं निम्मा महाराष्ट्र उलटंच लावतो. जेल जुन्या टूथब्रशने, फक्त कडांना.

"आता अंबाडा आहे का?" होता की. 70 रुपयांचा. तो माथ्याच्या जरा खाली, जिथे साखळ्या मिळतात तिथे ठेवून तिने आकडे खोचले, पण केसांत नाही. प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या रबराच्या गाठीतून गेला. केस सुळसुळीत असले तरी रबर सुळसुळीत नसतं. त्यावर नेट, नेटवर राकोडी, खाली अर्धगोल गजरा. गजऱ्याने मानेवरचे पीळही झाकले. सूर्य-चंद्राचे दोरे साखळीच्या रबरांतूनच ओवून घेतले.

मी म्हटलं, धुत कर. केलं. कंपित. केलं. आलोलित जरा जोरातच केलं, मुद्दाम, माझ्याकडे बघत. काही हललं नाही. शेवटच्या परिवाहितपर्यंत सगळे करून झाल्यावर त्या मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही दर वेळी असंच तपासता का?" काकू म्हणाली ते मनाला लागलं, पण तेवढ्यापुरतंच.

घरी येऊन मी स्वतः एकदा सगळं करून बघितलं. तिच्या दुप्पट वेळ लागला आणि डावी साखळी वाकडी आली. सूर्य लागला की झाकेल.

रविवार, रात्री

सकाळी सहाला उठवलं. नळाचं पाणी गार, बाई अर्धवट झोपेत, रबरं लावताना डोकं पेंगून पुढे येत होतं, त्यामुळे उलट सोपं गेलं. डोळे भरून काजळ आणि लिपस्टिक मात्र तिथे गेल्यावर कुणीतरी फासलीच. एवढ्याशा मुलींना एवढा रंग कशाला हे माझं मत मी विंगेत गिळलं. लांबून डोळे दिसायला काजळ हवं हे पटतं. लालभडक ओठ कशासाठी, हे अजून कुणी पटवलेलं नाही.

ओळीत सात मुली, चार वेण्या, तीन अंबाडे. गणेशश्लोक झाला, मग तट्टडवू, नाट्टडवू (नाचातले अगदी पायाचे पदन्यास), तीन काळांत, म्हणजे तीन वेगांत. तिसऱ्या काळात पायांचे आवाज एकमेकांत मिसळले आणि एक मुलगी चक्क थांबून प्रेक्षकांत आजोबांना शोधायला लागली. ठमीचा पाय एकदा चुकला, तिने शेजारणीकडे बघून पकडला. केसांकडे माझं लक्षच गेलं नाही. उतरताना जिन्यात तिच्या कंबरपट्ट्याची आकडी निघाली, पण ते खातं माझं नव्हतं. आई दुसऱ्या रांगेतून बघत होत्या. "मान छान दिसत होती," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी सोडवण. आधी आकडे आणि पिना, मोजून. मग सगळ्या रबरांवर बोटाने खोबरेल तेल, पाच मिनिटं तसंच, आणि मग रबर ओढून न काढता बोथट टोकाच्या लहान कात्रीने कापायचं. तेलामुळे केस अडकत नाहीत, जेलही सुटतो. एकदाही "आई गं" नाही. सगळं झाल्यावर केस चारी बाजूंनी उभे राहिले. आरशात बघून तिला तेच सगळ्यात आवडलं आणि उद्या शाळेत असंच जायचं म्हणून तिने गोंधळ घातला.

मघाशी ग्रुपवर त्याच कमरेपर्यंत केसवालीच्या आईने मला वेगळा मेसेज केला, "तुमच्याकडच्या कटिंगवाल्याचा नंबर द्याल का? मुलगी मागे लागलीये." दिला. शनिवारी सकाळी गर्दी नसते तेही सांगितलं. ठमीचेही पुढचे केस परत डोळ्यांवर आलेत, तर दोघींना एकदमच नेऊ म्हणते.

गंगावन परत घेत नाहीत. सध्या ते सोफ्याच्या हाताला बांधलंय आणि सोफा घोडा झालाय. गोंडे फार दिवस टिकतील असं वाटत नाही.