खोकून फाडलेले पान

रविवार, रात्रीचे साडेअकरा. बाहेर पाऊस धरून बसला आहे.

आज संध्याकाळी दसरा चौकाजवळच्या एका लहानशा सभागृहात ‘चायनाटाउन’ पाहिला. ही माझी तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा मी तो घरी, एकट्याने, कानांत हेडफोन घालून पाहिला होता आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक दृश्य आपल्याला पाठ आहे, अशी माझी समजूत होती. साठ-सत्तर कोल्हापूरकरांच्या मध्ये बसून पाहिल्यावर ती समजूत टिकली नाही. मी जिथे गंभीर होत असे तिथे माणसे खदखदून हसली, मला जी प्रसंगांची वळणे वाटत होती ती त्यांना दहा मिनिटे आधीच दिसलेली होती, आणि एका ठिकाणी मात्र सगळे सभागृह, माझ्यासकट, साफ चुकले. ते विसरण्याआधी लिहून ठेवावे म्हणून आईला झोप म्हणून सांगून बसलो आहे.

सुरुवातीला पाच मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे होते. चित्रपट 1974 चा, गोष्ट 1937 च्या लॉस एंजेलिसची, दिग्दर्शन रोमन पोलान्स्की यांचे. अकरा ऑस्कर नामांकनांपैकी पदरात पडले ते एकच, रॉबर्ट टाउन यांच्या पटकथेचे. इतके सांगून मी पाण्याकडे वळलो. लॉस एंजेलिसने दूरच्या ओवेन्स खोऱ्यातले पाणी 1913 मध्ये सुमारे 375 किलोमीटर लांबीच्या कालव्याने शहरात आणले. ते काम विल्यम मलहॉलंड या मुख्य अभियंत्याचे. त्याच सुमारास काही धनवान मंडळींनी शहराला लागून असलेल्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या कोरड्या जमिनी आधीच घेऊन ठेवल्या होत्या, पाणी येताच त्यांचे सोने झाले, आणि 1915 मध्ये त्या खोऱ्याचा मोठा भाग शहरात सामील करून घेण्यात आला. तिकडे ओवेन्स खोऱ्यातले शेतकरी हवालदिल झाले. 1924 मध्ये त्यांनी कालव्यालाच सुरुंग लावला. पटकथेने या सगळ्याची नावे बदलली आणि काळ वीस-पंचवीस वर्षे पुढे ओढला. हे सांगताना मला वाटत होते की समोरच्यांना परक्या मुलुखाची माहिती देतो आहे. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मध्येच विचारले, “म्हणजे थेट पाईपलाईनच की!” आणि माझ्या व्याख्यानाचा तिथेच निकाल लागला. काळम्मावाडी धरणातून शहरात थेट पाणी आणण्यासाठी ज्या गावाने वर्षानुवर्षे आंदोलने केली, ज्याला ते पाणी 2023 च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचलेले पाहायला मिळाले, त्याला पाणी आणि राजकारण यांचा संबंध मी काय समजावून सांगणार होतो?

गोष्ट थोडक्यात नोंदवतो. जेक गिटेस हा खासगी गुप्तहेर नवरा-बायकोच्या भानगडी शोधून पोट भरणारा. त्याला पाणीपुरवठा खात्याच्या मुख्य अभियंत्यावर पाळत ठेवण्याचे काम मिळते. पुढे तो अभियंता बुडून मेलेला सापडतो, आणि तोही ऐन दुष्काळात. रात्री कोणी तरी शहराचे पाणी गुपचूप समुद्राला सोडून देत असते, दिवसा खोऱ्यातले शेतकरी पाण्यावाचून टेकीला येत असतात, आणि त्यांच्या जमिनी मातीमोल भावाने खरेदी होत असतात.

नगरसभेत एक शेतकरी आपली मेंढरे घेऊन घुसतो, त्या दृश्याला टाळ्या पडल्या. हंडे-घागरींचे मोर्चे पाहिलेल्या माणसांना त्यात नवल वाटले नाही, कौतुक वाटले. गिटेसचे नाक चाकूने चिरले जाते (चाकू चालवणारा ठेंगणा गुंड म्हणजे स्वतः पोलान्स्की) तेव्हा माझ्या शेजारच्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. हे सगळे अपेक्षित होते.

अपेक्षित नव्हते ते अभिलेख कार्यालयातल्या दृश्यात घडले. गिटेस जमिनींच्या नोंदी पाहायला जातो. त्याला ते जाडजूड रजिस्टर दिसते, पानांवर मालकांची नवी नावे चिकटवलेली दिसतात, पण बाहेर नेता येत नाही. मग तो कारकुनाकडून पट्टी मागून घेतो, ओळीवर धरतो आणि मोठ्याने खोकत खोकत पानाचा हवा तेवढा भाग फाडून घेतो. एकट्याने पाहताना मी दोन्ही वेळा या चातुर्यावर खूश झालो होतो. इथे तो खोकल्याबरोबर आधी उजव्या बाजूने, मग सगळीकडून हशा उसळला. चित्रपट संपल्यावर चहा घेताना मी त्या हशाचा उगम शोधला. जमिनीच्या दाव्यांची कामे करणाऱ्या एक वकीलबाई तिथे होत्या. त्या म्हणाल्या, “तो कारकून उर्मट आहे, पण मागितल्याबरोबर रजिस्टर दाखवलं की नाही? वर पट्टीपण दिली. आमच्याकडं पान फाडायला खोकावं लागत नाही. आपण पोचेपर्यंत पान आधीच गेलेलं असतंय.”

पुढे कळते की त्या जमिनी एका वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर घेतल्या आहेत. गोधडी शिवत बसलेल्या आजीबाईंना आपण शेकडो एकरांच्या मालकीण आहोत याचा पत्ताही नसतो, आणि एक मालक तर खरेदीच्या तारखेआधीच मरण पावलेला असतो. हे उघड होण्यापूर्वीच, फक्त नावांची यादी दिसल्यावर, मागून कोणी तरी पुटपुटले, “गड्याच्या नावावर.” सिलिंगच्या, म्हणजे जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली त्या, काळात कोणाची जमीन कोणत्या सालगड्याच्या नावावर चढली, याचे किस्से इथे प्रत्येक घरात एक तरी असतात. गुप्तहेराला जे शोधायला अर्धा चित्रपट लागला, ते या माणसांनी चिठ्ठीभर कागदावरून ओळखले.

आणि मग तो प्रसंग. म्हातारा नोआ क्रॉस (जॉन ह्यूस्टनने तो इतका प्रेमळ आजोबांसारखा रंगवला आहे की अंगावर काटा येतो) अखेरीस आपला बेत उलगडतो: पाणी शहराकडे आणायचे नसेल तर शहरच पाण्यापर्यंत न्यायचे, ते खोरेच शहरात घालून टाकायचे. सभागृहात क्षणभर शांतता होती. तेवढ्यात डावीकडून एक खणखणीत आवाज आला: “हद्दवाढ!”

असा हशा मी कोणत्याही विनोदी चित्रपटाला ऐकलेला नाही. 1972 मध्ये महानगरपालिका झाल्यापासून हद्दवाढ हा शब्द या शहराने कृती समित्या, मोर्चे, बंद आणि निवडणुकांच्या भाषणांतून इतका घोळवला आहे, शहर हवी म्हणते आणि भोवतालची गावे नको म्हणतात, की तो नुसता उच्चारला तरी प्रत्येकाला आपापला एखादा प्लॉट आठवतो. माझ्यापुढे बसलेले दोन गृहस्थ हसता हसता एकमेकांकडे वळले आणि लगेच गंभीर झाले. एक जण शहरातला असावा, दुसरा शेजारच्या गावातला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या ज्या काकांनी मला सुरुवातीला गप्प केले होते, त्यांना चहाच्या वेळी मी मुद्दाम गाठले. त्यांच्या डोक्यात चित्रपटातला एकच धागा अडकून बसला होता. मृत अभियंता नव्या धरणाला विरोध करतो, कारण त्याचे आधीचे एक धरण फुटून शेकडो माणसे मेलेली असतात. मी त्यांना त्यामागची खरी घटना सांगितली: मलहॉलंडचे सेंट फ्रान्सिस धरण 12 मार्च 1928 च्या मध्यरात्रीच्या आसपास फुटले, चारशेहून अधिक माणसे गेली, आणि त्याच दिवशी बारा तास आधी स्वतः मलहॉलंडने धरणाची पाहणी करून ते ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. काकांनी कप खाली ठेवला. “पाया कशावर होता?” त्यांनी विचारले. बाजूच्या डोंगराचा खडक ढासळणारा होता, असे मी म्हणालो. “आणि नंतर?” चौकशीत त्याने दोष स्वतःकडे घेतला, त्याची कारकीर्द तिथेच संपली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “स्वतःकडं घेतला? लेखी?”

मी घरून एक वाक्य तयार करून नेले होते, ते मला चर्चेत बोलायचे होते: गुप्तहेराच्या इतर गोष्टींत सत्य सापडले की न्याय होतो, इथे सत्य सापडते आणि काहीच होत नाही. मी ते बोललो. लोकांनी माना डोलावल्या. मात्र काकांनी नम्रपणे हात वर केला आणि म्हणाले, “पण सर, त्यात सापडायचं काय होतं? आमच्याकडं असल्या गोष्टी चहाच्या गाड्यावरच्या पोरालापण माहीत असतात.” त्यावर पुन्हा हशा झाला, मीही हसलो. मात्र आता कागदावर उतरवताना ध्यानात येते की माझे वाक्य त्या एका प्रश्नाने निकालात निघाले होते. रहस्यपटाला आधी रहस्य लागते. पाणी कोण सोडते, जमीन कोण घेते, नाव कोणाचे लावतात, यांतले आमच्यासाठी काहीच रहस्य नव्हते. हशा होता तो ओळख पटल्याचा, आणि ओळख पटल्याच्या हशात थोडे समाधानही असते, हे लिहायला मला जड जाते.

दुसरे रहस्य मात्र कोणीही ओळखले नाही. अभियंत्याची बायको एव्हलिन (फे डनअवे) एका मुलीला लपवून ठेवते. ती कोण, हे गिटेस तिला थोबाडीत मारून मारून विचारतो. ती एकदा म्हणते माझी बहीण, एकदा म्हणते माझी मुलगी. पुन्हा चपराक, पुन्हा बहीण, पुन्हा मुलगी. या आवर्तनाला, बहुधा त्याच्या तालामुळे, मागच्या रांगांतून हसू फुटले, आणि खोटे कशाला सांगायचे, माझ्याही ओठांवर ते आले होते, तेही तिसऱ्या खेपेला, पुढे काय आहे हे ठाऊक असताना. तेव्हा वकीलबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता. “हसू नका.”

पुढच्याच क्षणी एव्हलिन सांगते की ती दोन्ही आहे, तिच्या बापामुळे, म्हणजे क्रॉसमुळे. त्यानंतर शेवटपर्यंत, गोळीबार होऊन क्रॉस त्या मुलीला मिठीत घेऊन निघून जाईपर्यंत, सभागृहातून खुर्चीचा आवाजसुद्धा आला नाही. आजोबांसारखा वाटणारा म्हातारा सुरुवातीपासून समोर बसून मासा खात होता, मुलीचा शोध लावून दे म्हणून गिटेसला पैसे देऊ करत होता. खुणा सगळ्या पडलेल्या होत्या. फेरफार नोंदी वाचणाऱ्या आमच्या तयार नजरांना त्या दिसल्या नाहीत. बाहेर पडताना मी वकीलबाईंना विचारले, तुम्हाला आधीच कळले होते का? “नाही,” त्या म्हणाल्या. “असल्या केसेस आमच्याकडं येतच नाहीत. जमिनीच्या येतात.”

महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी चर्चेत शेवटी बोलली. ज्या दिग्दर्शकाने 1977 मध्ये अल्पवयीन मुलीशी केलेल्या दुष्कृत्याची कबुली दिली आणि 1978 मध्ये शिक्षा होण्याआधी देश सोडला, त्याने हा चित्रपट बनवला आहे, हे मी पाच मिनिटांत का सांगितले नाही, असे तिने विचारले. मी म्हणालो, वेळ कमी होता. ते खरे नव्हते. पाण्याची गोष्ट सांगण्यात मला मजा येत होती.

परतताना व्हीनस कॉर्नरवरून आलो. 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या पुढे गेली होती (धोक्याची पातळी 43 फूट), तेव्हा या चौकात नावा फिरत होत्या. आमची सदनिका तळमजल्यावर आहे, आईचे गुडघे दुखतात म्हणून घेतलेली. विकणाऱ्याने सांगितले होते की इथे आजोबांच्या काळापासून पाणी आलेले नाही. आमच्या दिवाणखान्यात ते साडेतीन फूट आले. भिंतीला दोनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात ओल धरली की त्या उंचीवर मातकट रेघ पुन्हा उमटते. आताही टेबलामागे दिसते आहे. त्या विकणाऱ्याला मी पाच वर्षे शिव्या घातल्या आहेत. आज मात्र त्या रेघेकडे पाहताना काकांचा ‘सापडायचं काय होतं?’ हा प्रश्न आठवला. त्याच भागातल्या वरच्या अंगाच्या सदनिकांपेक्षा आमची सदनिका बरीच स्वस्त होती. निळी रेषा, लाल रेषा हे पूररेषांचे शब्द मी तेव्हाही वर्तमानपत्रात रोज वाचत होतो. नकाशा पाहायला एक दिवस पुरला असता. पट्टी लागली नसती की खोकावे लागले नसते.

कागदपत्रांची पेटी मघाशी कपाटावर चढवली. जुलै लागला की चढवतोच.

पेटीच्या आवाजाने आईला जाग आली. “कसा होता रे पिक्चर?” तिने आतून विचारले. चांगला होता, म्हणालो. “सापडला का मग, कुणी केलं ते?”

“सापडला.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.