ओसाड गावची पाटीलकी

२० जुलै २०२५, रविवार होता. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलांचे गुड मॉर्निंग सोडले तर काही येत नाही, त्या दिवशी मात्र एकच व्हिडिओ सात वेळा आला. विधान परिषदेत बसलेले कृषिमंत्री, हातात मोबाईल, मोबाईलवर पत्ते. रोहित पवारांनी टाकलेला तो व्हिडिओ. कृषिमंत्री म्हणजे आमच्याच सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे, त्यामुळे ग्रुपवर हसावं का लाजावं हे कोणाला कळेना. शेवटी तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, व्हॉइस मेसेज आला, "रमी खेळला त्याचं काय नाय रे, आम्ही पण खेळतो पारावर. पण आमच्यावर कांद्याची वेळ असताना?"

तेव्हापासून डोक्यात होतं की यावर लिहायचं, पण आज उद्या करत राहून गेलं.

तर आधी माणूस कोण ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईतल्या लोकांना कोकाटे म्हणजे फक्त रमीवाले माहिती. पेशाने वकील. १९९९ आणि २००४ ला शिवसेनेकडून आमदार, २००९ ला काँग्रेसकडून आमदार, २०१४ ला भाजपकडून उभे राहिले आणि राजाभाऊ वाजेंकडून पडले, २०१९ ला लोकसभेला अपक्ष लढले, पडले, आणि त्याच वर्षी राष्ट्रवादीकडून विधानसभेला परत निवडून आले. राष्ट्रवादी फुटल्यावर अजितदादांसोबत, २०२४ ला पुन्हा आमदार. चिन्ह कुठलं का असेना, सिन्नर तालुक्यात त्यांचा स्वतःचा माणूस गावागावात आहे हे विरोधकसुद्धा मान्य करतात. बोलणं एकदम रोखठोक, समोरच्याच्या तोंडावर. आमच्याकडे ते गुणच धरतात. १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात शपथ घेतली तेव्हा आमच्या गावात फटाके वाजले, तात्या स्वतः स्टँडवर पेढे वाटत होते, कारण बऱ्याच वर्षांनी सिन्नरला मंत्रिपद आलं आणि ते पण शेतीचं. आमचा पूर्व भाग म्हणजे पाऊस डोंगरावर पडून रिकामा होऊन येणार असा, त्यामुळे शेतीमंत्री आपला म्हटल्यावर लोकांना वाटलं आता पाणी पण येईल.

पाणी नाही आलं, बातम्या आल्या.

फेब्रुवारीत पहिली. हल्ली भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही आणि आम्ही एक रुपयात पीक विमा दिला, असं ते बोलले. त्यांना म्हणायचं होतं की योजनेत बोगसगिरी झाली, आणि ती झाली होती हे खोटं नाही. पण शेतकऱ्याला काय ऐकू आलं तर भिकारी. आणि तो एक रुपया तरी कुठे एक रुपया होता? २०२३ च्या खरिपात योजना आली तेव्हा मी गावाकडे होतो, तात्यांना घेऊन फॉर्म भरायला गेलो, कॉम्प्युटरवाल्याने सातबारा, आधार, पासबुक सगळं घेतलं आणि शंभर रुपये म्हणाला. मी म्हटलं एक रुपया ना? तर म्हणे एक रुपया विम्याचा, बाकी झेरॉक्स, प्रिंट, नेट. सरकार त्याला प्रत्येक अर्जामागे वेगळे पैसे देत होतं हे मला नंतर कळलं. तात्यांनी मुकाट्याने शंभर दिले, मागे लाईन होती.

२०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयावाली योजना बंदच झाली. आता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला पाच टक्के हप्ता आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे ठराविक शेतांत पीक कापून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावर. काढणीनंतर शेतात पडलेल्या मालाचं नुकसान वगैरे जे धरलं जायचं ते वगळलं. मला विचाराल तर भिकारीवाल्या वाक्यापेक्षा हा निर्णय कितीतरी मोठा होता, पण त्यावर टीव्हीवर दहा मिनिटं पण चर्चा नाही झाली, सगळी डिबेट भिकारी शब्दावर.

त्याच फेब्रुवारीत २० तारखेला नाशिकच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण १९९५ चं, मुख्यमंत्र्यांच्या दहा टक्के कोट्यातून नाशिकच्या कॉलेज रोडला फ्लॅट घेतले, त्यासाठी कमी उत्पन्न आणि नावावर घर नाही अशी खोटी कागदपत्रं दिली असा आरोप. तक्रार केली होती तुकाराम दिघोळेंनी, जे स्वतः सिन्नरचे आमदार आणि मंत्री होते आणि ज्यांना पाडूनच १९९९ ला कोकाटे आमदार झाले. तीस वर्षांनी निकाल लागला, मार्चमध्ये वरच्या कोर्टाने शिक्षेला स्थगिती दिली, मंत्रिपद राहिलं.

मग एप्रिल, कर्जमाफीचं. एका शेतकऱ्याने विचारलं तर त्यालाच उलट, माफीची वाट बघत कर्ज भरत नाही, मिळालेल्या पैशातून साखरपुडे करता, लग्नं करता. नंतर माफी मागितली. पारावर यावर जी भांडणं झाली ती ऐकण्यासारखी होती, कारण अर्धे लोक म्हणत होते की बोलला ते खरंय. तात्या म्हणाले, "खरं असलं तरी आपण आपल्यात बोलायचं. मंत्र्यानं बोलायचं का?"

मला वाटतं गडबड इथेच होती. गावातला माणूस ओट्यावर जसं बोलतो तसं हे मंत्री झाल्यावर पण बोलत राहिले.

मे महिन्याचं मात्र मी विसरणार नाही. त्या वर्षी पावसाने मे मध्येच गाठलं, उन्हाळ कांदा कोणाचा शेतात काढून पडलेला, कोणाचा अर्धा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये. मी शनिवारी गावी पोचलो तर तात्या चाळीत बसून कांदे उलटेपालटे करत होते. वरचा थर दिसायला चांगला, खाली हात घातला की बोटं आत जायची. पाणी सुटलेलं, वास असा की डोळ्यांऐवजी घसा चुरचुरतो. ताडपत्री होती पण वाऱ्याने एका बाजूने उडाली आणि सगळं पाणी तिथूनच आत. त्याच दिवसांत कोकाटेसाहेबांचं वाक्य आलं, शेतात पीकच नाही तर काय ढेकळांचे पंचनामे करायचे का? नियमाने बघितलं तर पंचनामा उभ्या पिकाचा होतो हे तलाठीसुद्धा सांगतो. पण सडका कांदा हातात धरलेल्या माणसाला नियम सांगायची पण एक पद्धत असते ना. तात्या काहीच बोलले नाहीत, त्यांनी तो कांदा बांधावर फेकला आणि पुढचा उचलला.

आणि त्याच सुमारास ते आणखी एक बोलले, ज्यावर सगळे परत तुटून पडले. कृषी खातं म्हणजे ओसाड गावची पाटीलकी.

इथे मी त्यांच्या बाजूने आहे. नीट बघा ना. कांद्याचा भाव कोणाच्या हातात? डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी दिल्लीने केली, मे २०२४ ला उठवली ती पण दिल्लीने, वर ४० टक्के शुल्क लावलं, सप्टेंबरमध्ये २० केलं, १ एप्रिल २०२५ ला काढलं. यात राज्याच्या कृषिमंत्र्याला कोणी विचारलं? बाजार समित्या पणन खात्याकडे, पाणी जलसंपदाकडे, सोसायटीचं कर्ज सहकारकडे, अतिवृष्टीची मदत मदत व पुनर्वसनकडे. उरलं काय तर बियाणं, खत, औषधं, ट्रॅक्टर-ठिबकची सबसिडी आणि शेतकऱ्यांच्या शिव्या. खुर्ची पण कोणाला टिकत नाही. २०२२ ते २०२५ मध्ये भुसे, सत्तार, मुंडे, कोकाटे, भरणे, म्हणजे पाच कृषिमंत्री, तेवढ्यात आमच्याकडे द्राक्षाची बाग नीट लागत नाही.

फक्त एकच, गाव ओसाड आहे हे पाटलाला कळलं तर त्याने गाव वसवायला बघावं. आमच्या पाटलाने पत्ते काढले.

रमीचा खुलासा तर तुम्ही ऐकलाच असेल. यूट्यूबवर खालच्या सभागृहात काय चाललंय ते बघत होतो, मध्ये गेम आला, तो स्किप करत होतो. लातूरला छावा संघटनेच्या पोरांनी राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष तटकरे यांच्या समोर पत्ते टाकले, तिथे मारहाण झाली, प्रकरण पेटलं. मग सारवासारव करायला पत्रकार परिषद घेतली आणि तिथे म्हणाले, शासन शेतकऱ्याकडून एक रुपया घेतं, म्हणजे भिकारी शासन. हे ऐकून मुख्यमंत्र्यांनीच कपाळाला हात लावला असणार. ३१ जुलैला खातं गेलं, भरणेमामांकडे कृषी आणि यांना क्रीडा. त्यावरचे जोक मी परत टाकत नाही, सगळ्यांना एकच जोक सुचला होता. डिसेंबरमध्ये सत्र न्यायालयाने फ्लॅटवाली शिक्षा कायम केली तेव्हा ते पण मंत्रिपद गेलं, हायकोर्टात जामीन, सुप्रीम कोर्टाच्या दिलाशाने आमदारकी तेवढी वाचली.

रमी प्रकरण चालू होतं त्याच जुलैच्या शेवटी गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. रात्री जेवण झाल्यावर तात्या खाटेवर पडून लासलगावचे कांद्याचे भाव बघत होते मोबाईलवर. भाव सांगणारा पोरगा "आज उन्हाळ कांदा..." म्हणाला आणि फाटकन जाहिरात आली, रमी खेळा, पैसे जिंका. तात्यांनी चष्मा वर केला, अंगठ्याने इकडे दाब तिकडे दाब, जाहिरात काही जाईना. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खरंच येती की रे मधीच."

ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने बंदीचा कायदा आणला, तेव्हापासून तात्यांना रमी दिसत नाही. आता लासलगावच्या भावाच्या आधी बोअरच्या मोटारीची जाहिरात येते, आणि ती ते स्किप न करता शेवटपर्यंत बघतात.