पावसाला वाट करून देणारी वाट

माझे बालपण वाईला गेले, त्यामुळे वेल्समध्ये खूप पाऊस पडतो असे इथल्या लोकांनी सांगितले तेव्हा मला त्याचे विशेष वाटले नव्हते. वायव्य वेल्समधल्या एरीरीच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी नावाने स्नोडोनियाच्या, उंच डोंगरांवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरचा आकडा त्याच्याही बराच पुढे आहे. मात्र आपला पाऊस चार महिन्यांत आपले काम उरकून निघून जातो आणि इथला बाराही महिने थोडाथोडा येत राहतो. ऑक्टोबरात सायकल घेऊन डोंगरात जायचे ठरले, तेव्हा वाट कोरडी होईपर्यंत थांबू या, असे मी सुचवले होते. त्यावर माझा सहकारी शांतपणे म्हणाला, की तसे थांबलास तर तुला कधीच जाता येणार नाही.

मी रेक्समला राहतो. ईशान्य वेल्समधल्या या शहराजवळ लांडेग्ला नावाचे जंगल आहे आणि माउंटन बाइकचे पहिले धडे मी तिथेच गिरवले. उतारावर खोगिरावर बसून न राहता पेडल आडवी ठेवून उभे राहायचे, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा फूट पुढे ठेवायची आणि वळणात शिरण्याआधीच ब्रेक लावून घ्यायचे, हे तिथे अंगवळणी पडले. तरीही या खेळाकडे केवळ खेळ म्हणून न पाहता, माणसांनी मेहनतीने घडवलेल्या वाटांची एक कारागिरी म्हणून पाहायला मला शिकवले ते कॉइड अ ब्रेनिन या जंगलाने.

डॉल्गेथ्लाय या दगडी घरांच्या गावातून ए ४७० रस्त्याने उत्तरेला निघाले, की थोड्याच वेळात हे जंगल सुरू होते. कॉइड म्हणजे वन आणि ब्रेनिन म्हणजे राजा. राजा पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा 1935 साली, जंगलाला हे नाव मिळाले. त्याआधी ही जमीन नानाइ येथील जमीनदार घराण्याची होती आणि 1920च्या दशकात सरकारच्या वनखात्याने ती घेऊन इथे सूचिपर्णी वृक्षांची लागवड केली. आत सोन्याची एक जुनी खाणही आहे. मॉदाख नदीवरच्या धबधब्याशेजारी तिचे पडके अवशेष दिसतात, आणि तिथे सायकल टेकवून दहा मिनिटे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ब्रिटनमध्ये माउंटन बाइकसाठी मुद्दाम वाटा बांधण्याची सुरुवात 1990च्या दशकात या जंगलातून झाली. डावीद डेव्हिस हे इथले वनरक्षक त्या कामामागे होते. तोवर लोक लाकूडतोडीच्या रस्त्यांवर किंवा चिखलाच्या पायवाटांवर सायकली चालवत आणि हिवाळ्यात त्या वाटांचा राडा होई. यावरचा इथला उपाय दगडाचा होता. स्थानिक दगड वापरून, जेमतेम एक सायकल जाईल एवढ्या रुंदीची आणि बाराही महिने टिकेल अशी वाट बांधायची.

अशी वाट बांधताना मुख्य विचार चाकाचा नसून पाण्याचा असतो, हे मला त्या ओल्या दिवशी उमगले. वाट सरळ उताराच्या दिशेने सोडली, तर पहिल्याच पावसात तिचा ओहोळ होतो, म्हणून ती डोंगराच्या अंगाला आडवी नेतात आणि तिचा चढ डोंगराच्या चढापेक्षा बराच कमी ठेवतात. तिची बाहेरची कड किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे वरून आलेले पाणी वाटेवरून धावत न जाता तिला ओलांडून खाली उतरते. ठरावीक अंतराने वाट थोडी खाली जाऊन पुन्हा वर येते. सायकलस्वाराला त्या हेलकाव्यात आनंद मिळतो, पण तो खोलगट भाग तिथे प्रामुख्याने साचलेले पाणी बाहेर पडावे म्हणून असतो. जिथे उतार तीव्र आहे, तिथे मोठे दगड उभे रोवून फरसबंदी केलेली असते. आपल्या नाणेघाटातून चढताना पायाखाली येणाऱ्या दगडांची मला तिथे फार आठवण झाली. तीही वाट पावसाचा विचार करूनच बांधली असावी, असे मला वाटते आणि आज सह्याद्रीत आपण वळणे टाळून जे सरळ शॉर्टकट पाडतो, त्यांतून दर पावसाळ्यात किती माती वाहून जाते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी सोपी, निळी मध्यम, लाल अवघड आणि काळी अतिशय अवघड. हे रंग प्रामाणिक असतात आणि त्यांचा मान राखावा, असे मी मनापासून सांगेन. मी आधी मायनरटॉर या निळ्या वाटेवर गेलो. ती अशा बेताने बांधली आहे की अपंग व्यक्तींच्या तीन किंवा चार चाकी विशेष सायकलींनाही तिच्यावरून जाता यावे. खडबडीत डोंगराचा आनंद धडधाकट माणसांपुरताच का असावा, हा प्रश्न कोणीतरी फावडे हातात घेऊन सोडवला, याचे मला अजून अप्रूप आहे. दुपारनंतर केव्हन अ द्राइग, म्हणजे ‘ड्रॅगनची पाठ’, या लाल वाटेचा काही भाग केला. पूर्ण वाट सुमारे 31 किलोमीटरची आहे आणि तिच्या ओल्या दगडांवर दोन तास काढल्यावर माझ्या मनगटांनी उरलेली वाट पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायला लावली.

बांधीव वाटांच्या बाहेर मात्र वेगळे नियम लागू होतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये केवळ पादचाऱ्यांसाठी असलेल्या वाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. घोडेस्वारांसाठी असलेल्या वाटांवर 1968च्या कायद्याने सायकलींना मुभा मिळाली, पण चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी जाऊ द्यायचे, या अटीवर. पिवळा बाण पादचाऱ्यांचा आणि निळा बाण घोड्यांचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. अर विद्वा, म्हणजे स्नोडन, या वेल्सच्या सर्वोच्च शिखरावर जाणाऱ्या अशा वाटांवर 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सायकल न नेण्याचा संकेत आहे. तो ऐच्छिक आहे, तरी माझ्या ओळखीचे सारे सायकलस्वार तो कटाक्षाने पाळतात.

31 मार्च 2025 रोजी कॉइड अ ब्रेनिनमधले उपाहारगृह आणि दुकान बंद झाले. जंगल सांभाळणाऱ्या नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी संस्थेने खर्चाच्या कारणाने हा निर्णय घेतला. वाटा खुल्या आहेत आणि स्थानिक लोकांचा एक गट हे केंद्र आपल्या हाती घेण्यासाठी धडपडतो आहे. मला त्या बंद दाराचे मनापासून वाईट वाटते, कारण भिजून आलेल्या माणसांनी गरम चहाभोवती एकमेकांना वाटेची खबर द्यायची ती जागा होती. कोणत्या वळणावर दगड सुटला आहे, कुठे झाड आडवे पडले आहे, हे तिथेच कळत असे.

जंगलासमोर आणखी एक संकट आहे. फायटॉप्थोरा रॅमोरम नावाच्या रोगाने वेल्समधली लार्च या सूचिपर्णी वृक्षाची झाडे मोठ्या प्रमाणावर पछाडली आहेत. लागण झालेली झाडे तोडावी लागतात आणि तोड चालू असेपर्यंत त्या भागातल्या वाटा बंद होतात किंवा वळवल्या जातात. या रोगाचे बीजाणू मुख्यतः पावसावाटे पसरतात, पण टायरला आणि बुटांना चिकटलेल्या चिखलातूनही ते एका जंगलातून दुसऱ्यात जाऊ शकतात. म्हणून अंधार पडत आला होता आणि बोटे गारठली होती, तरी आम्ही गाडीजवळ आल्यावर आधी ब्रशने टायरच्या खाचांमधला आणि बुटांच्या तळव्यांचा सगळा चिखल काढून टाकला आणि मगच सायकली गाडीवर चढवल्या.